कोठी कुणाची, जागा कुणाची?

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली की आम्हा विद्यार्थ्यांच्या लेखण्या बहुधा ठरलेल्या वाटांनी चालू लागतात. हुंडा, बेकारी, आजचा तरुण, साहित्य आणि समाज हे विषय थोर आहेत आणि त्यांवर लिहावे तेवढे थोडेच. परंतु गोदामावर कुणी लेख लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. गोदाम म्हटले की डोळ्यांसमोर येतात त्या चार भिंती, वर टिनाचे छप्पर, पुढे लोखंडी शटर आणि त्याला लटकणारे भले मोठे कुलूप. त्यात काव्य नाही आणि तत्त्वज्ञान तर नाहीच नाही. तरीही मी आज याच विषयावर लिहिणार आहे. कारण मूलसारख्या गावाचे आणि भोवतालच्या झाडीपट्टीचे भवितव्य कोणत्या जागेवर काय साठवले जाणार या प्रश्नाशी किती घट्ट बांधलेले आहे, हे अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून आणि त्याहूनही अधिक एका धानउत्पादकाची मुलगी म्हणून मला रोज दिसते.

आपल्या भाषेकडे पाहा. साठवणीसाठी मराठीत किती शब्द आहेत! कोठी, कोठार, कणगी, बळद, पेव, अंबार. आमच्या भागात बांबूच्या पट्ट्यांची विणलेली आणि शेणामातीने लिंपलेली ढोली असते. एखाद्या गोष्टीचा अचानक सुकाळ झाला की आपण तिचे ‘पेव फुटले’ असे म्हणतो. पेव म्हणजे धान्यासाठी जमिनीत खणलेले तळघर. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची अशी पेवे प्रसिद्ध आहेत. ज्या समाजाच्या बोलीत साठवणीने इतकी जागा व्यापली आहे, त्या समाजाला साठवणीची किंमत कळत होती हे उघड आहे. पन्हाळ्यावर गेलेल्यांनी अंबरखान्यातील गंगा, यमुना आणि सरस्वती ही धान्यकोठारे पाहिली असतील. धान्याच्या कोठाराला पवित्र नद्यांची नावे देणारा माणूस कोठाराला क्षुद्र वस्तू मानीत नव्हता.

आज साठवणीचा प्रश्न जगात दोन टोकांना उभा आहे. श्रीमंत देशांतील घरे वस्तूंनी इतकी भरून गेली आहेत की लोक जास्तीचे सामान ठेवण्यासाठी बाहेर खोल्या भाड्याने घेतात. जुने सोफे, मुलांच्या सायकली, आजोबांची कपाटे अशा खोल्यांत वर्षानुवर्षे पडून असतात. इंग्रजीत या व्यवसायाला ‘सेल्फ-स्टोरेज’ म्हणतात. स्वतः सामान आणायचे, स्वतः कुलूप लावायचे आणि दरमहा भाडे भरायचे, असा हा प्रकार आहे. आता मुंबई-पुण्यातही अशा खोल्या मिळू लागल्या आहेत. हा धंदा इतका फोफावला की शहरांना त्यावर मर्यादा घालावी लागली. न्यूयॉर्क शहराच्या परिषदेने डिसेंबर २०१७ मध्ये असा नियम केला की, उद्योगांसाठी निश्चित केलेल्या काही क्षेत्रांत नवी सेल्फ-स्टोरेजची इमारत बांधायची असेल तर त्या इमारतीत उद्योगासाठीही जागा राखली पाहिजे, अन्यथा विशेष परवानगी घेतली पाहिजे. त्यामागचा विचार साधा होता. भल्या मोठ्या इमारतीत हजारो कप्पे असतात, पण तेथे कामाला माणसे असतात मोजकी. जी जमीन कारागिरांना आणि छोट्या कारखान्यांना मिळायची ती कुलपांनी अडवली, तर कामगाराने जायचे कोठे?

दुसऱ्या टोकाला आपण आहोत. तिकडे अडगळीला महाल मिळतो आणि इकडे अन्नाला छप्पर मिळत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली हे धानाचे जिल्हे. आसोलामेंढ्याच्या पाण्यावर आणि गावोगावच्या बोड्यांवर येथील बांध्या पिकतात. दिवाळीनंतर धान कापून पुंजणे रचले जातात, मग चुरणे होते, आणि एकाच महिन्या-दीड महिन्यात साऱ्या तालुक्याचे वर्षाचे उत्पन्न घराबाहेर येऊन उभे राहते. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्यामार्फत आधारभूत किमतीने खरेदी होते, पण खरेदी केलेले धान ठेवायला पुरेशी गोदामे नसल्यामुळे गडचिरोली जिल्ह्यात ते उघड्यावर ताडपत्रीखाली पडून राहिल्याच्या आणि अवकाळी पावसात भिजल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचल्या आहेत. सरकारी खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांहून अधिक चालत नाही. शेतकऱ्याने आणलेल्या धानाला ही कसोटी लावलीच पाहिजे, पण विकत घेतल्यानंतर तेच धान आकाशाखाली ठेवायचे, यात विसंगती आहे हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

या दोन टोकांना जोडणारा प्रश्न एकच आहे. जमीन मर्यादित आहे, तेव्हा ती कुणाच्या साठवणीला द्यायची आणि हे ठरवायचे कुणी?

कुणी म्हणेल, मूलला जमिनीचा काय तोटा? गावाबाहेर पाऊल टाकले की मोकळे रानच रान. बाहेरून येणाऱ्याला असे वाटते खरे. परंतु आपण येथे राहतो. आपल्याला ठाऊक आहे की या रानाला तीन मालक आहेत. पहिला वनखाते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे बफर क्षेत्र आपल्या तालुक्यापर्यंत पोचलेले आहे आणि ते असलेच पाहिजे. दुसरा मालक धानाची बांधी. पाण्याखालची बांधी मुरूम टाकून बुजवली की ती पुन्हा बांधी होत नाही. तिसरा मालक म्हणजे झुडपी जंगल. हा शब्द विदर्भाबाहेर कुणाला फारसा माहीत नाही. जुन्या मध्य प्रांताच्या दप्तरात ज्या खुरट्या झुडपांच्या जमिनी या नावाने नोंदल्या गेल्या, त्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत आजही तशाच नोंदलेल्या आहेत. त्यांतील सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, झुडपी जंगलाच्या जमिनी या वनजमिनीच आहेत. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनी इतर कामांना दिल्या गेल्या त्यांच्यापुरती केंद्राच्या मंजुरीने सवलतीची वाट ठेवली आहे. म्हणजे आता गावाजवळचा उजाड दिसणारा तुकडा पाहून ‘येथे एक गोदाम ठोकू’ असे म्हणण्याचे दिवस संपले. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण त्याचा एक परिणाम असा की जी थोडी निर्वेध जमीन मूल शहराच्या हद्दीत आणि भोवती उरली आहे, तिची किंमत वाढणार आणि तिच्यासाठी ओढाताण होणार. अशा वेळी कोणता वापर कोठे हे ठरवले नाही, तर ज्याची थैली मोठी त्याचे शटर आधी बसेल.

ठरवण्याची सोय कायद्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. त्याखाली नगर परिषदेची विकास योजना तयार होते, तीत निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती असे विभाग आखले जातात आणि सार्वजनिक कामांसाठी जागा आरक्षित होतात. शेतजमिनीवर दुसरे काही उभारायचे तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील अकृषक वापराचे नियम आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील बहुतेक शहरांसाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीही मंजूर झाली. कागद आहेत. प्रश्न हा की त्या कागदांवर गोदामाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो.

माझे एक मित्र, तेही याच महाविद्यालयाचे विद्यार्थी, या विषयावर माझ्याशी कडाडून भांडले. त्यांचे म्हणणे असे: “जमीन त्याची, पैसा त्याचा, मग त्याने गोदाम बांधावे की नाट्यगृह, हे सांगणारी नगर परिषद कोण? मूलला आधीच धंदे नाहीत. दोन माणसे गुंतवणूक करायला आली तर तुम्ही त्यांना विभागाचा नकाशा दाखवणार? गोदामाला गिऱ्हाईक असेल तर ते चालेल, नसेल तर बंद पडेल. बाजार आपले बघून घेईल.”

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परवानग्यांच्या जंजाळात सापडून छोटा माणूस थकतो आणि मोठा माणूस मागच्या दाराने काम करून घेतो, हे आपण पाहतो. तेव्हा ‘नियम करा’ एवढे म्हणून भागत नाही, हे मला मान्य आहे. परंतु बाजारावर सोडल्यावर काय होते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. भिवंडी. मुंबईत जकात होती, ठाणे-मुंबईत जमीन महाग होती, म्हणून व्यापाऱ्यांनी भिवंडीजवळच्या काल्हेर, पूर्णा, दापोडे अशा गावांकडे मोर्चा वळवला. भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली आणि त्यांतली पुष्कळशी कोणत्याही रीतसर परवानगीवाचून. २००७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला त्या परिसराचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले, पण तोवर नकाशाच्या आधी शहर उभे राहून गेले होते. पुढे अनधिकृत बांधकामांवरून न्यायालयीन लढाया झाल्या. रस्त्यांवर मालमोटारींच्या रांगा लागतात, गोदामांना आगी लागतात, आणि पाडावे तर तेथे काम करणाऱ्या हजारो हमालांच्या पोटाचा प्रश्न उभा राहतो. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, जकात गेली. ज्या कारणाने गोदामे आली ते कारण गेले, पण गोदामे गेली नाहीत आणि भातशेती परत आली नाही. जमिनीच्या बाबतीत बाजाराची चूक रबराने खोडता येत नाही.

आणि ‘हे सांगणारी नगर परिषद कोण’ या प्रश्नाचे उत्तर फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गातील नगर कसे वसवावे याचे प्रकरण आहे. कोष्ठागार कोणत्या दिशेच्या भागात, भांडागार कोठे, कुप्यगृह कोठे हे त्यात ठरवून दिले आहे. कुप्य म्हणजे लाकूड, बांबू, वेल, वल्कल अशी वनातील संपत्ती. आपल्यासारख्या वनप्रदेशाला हा शब्द किती जवळचा! आज तेंदूची पाने, मोहफुले आणि बांबू साठवण्याचा जो प्रश्न गडचिरोलीच्या ग्रामसभांपुढे आहे, त्याला त्या ग्रंथाने स्वतंत्र इमारत आणि स्वतंत्र जागा दिली होती. शिवशाहीची परंपरा सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडावरील दारूखाना राहत्या घरांजवळ असू नये अशी ताकीद आहे. अमुक वस्तू अमुक ठिकाणीच ठेवावी, हा विलायतेतून आणलेला नवा खूळ नाही.

हा विवेक सुटला की काय होते ते मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र होती. आग कापसात लागली आणि स्फोट दारूगोळ्याचा झाला. शेकडो माणसे मेली, गोदीभोवतीची गोदामे धान्यासकट जळाली. आपल्या गावात दारूगोळा नाही, हे खरे. पण तणस, बारदाना, तेंदूपत्ता, खते, कीटकनाशके, रंग आणि प्लॅस्टिक हे सारे आहे. एखाद्या अरुंद बोळात खाली गोदाम आणि वर बिऱ्हाड अशी रचना मी आमच्या ओळखीच्या वस्तीत पाहिली आहे. मालमोटार आली की शाळेच्या मुलांना भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. आग लागली तर बंब कोठून शिरणार, याचे उत्तर त्या वस्तीत कुणाजवळ नाही. तेथे नवीन गोदामाला मज्जाव केला तर कुणाच्या स्वातंत्र्यावर घाला येतो? शेजाऱ्यालाही जगण्याचे स्वातंत्र्य आहेच ना?

येथवर माझे म्हणणे मर्यादा घालण्याच्या बाजूचे झाले. परंतु मला भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची. गोदामावर बंधने घालणे सोपे असते, कारण गोदामाच्या बाजूने मोर्चा निघत नाही. नकाशात ‘येथे नको, तेथे नको’ असे लिहून झाले की काम झाले असे वाटते. पण आपल्या भागात सरसकट ‘नको’ म्हटले तर मरतो कोण? मोठा व्यापारी मरत नाही. तो दहा मैलांवर जाऊन बांधतो. मरतो तो चार-पाच एकरांचा शेतकरी, कारण त्याच्यासाठी गोदाम म्हणजे सौदा करण्याची ताकद.

हे जरा हिशेबाने मांडते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात शेतकऱ्याने आपला माल ठेवायचा आणि धानासारख्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यायचे, असे तिचे स्वरूप आहे. आता धरून चालू की एका शेतकऱ्याजवळ ४० क्विंटल धान आहे. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साध्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. त्या दराने त्याच्या मालाची किंमत ९४,७६० रुपये. तिच्या ७५ टक्के म्हणजे ७१,०७० रुपये त्याच्या हाती पडू शकतात आणि सहा महिन्यांचे व्याज होते सुमारे २,१३२ रुपये. एवढ्या खर्चात त्याला मुलीची फी भरता येते, दुकानदाराची उधारी देता येते आणि धान आपल्याच मालकीचे ठेवता येते. पुढे भाव क्विंटलला साठ रुपयांनी जरी चढला तरी व्याज निघून थोडे वरही उरते. आणि गोदाम नसेल तर? तर चुरणे संपल्या संपल्या दारात येईल त्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने माल घालावा लागतो. आमच्या घरी ढोली आहे, पण ढोलीतल्या धानावर कुणी कर्ज देत नाही. उंदीर आणि टोके आपला वाटा घेतात तो निराळाच. माझ्या वडिलांनी किती हंगाम गरजेपोटी पहिल्याच भावाला धान घातले, हे मी मोजलेले नाही. पण त्या प्रत्येक हंगामात त्यांच्या तोंडी एकच वाक्य असे, “ठेवाचा कुठं, बाई?”

‘ठेवायचे कोठे’ हा प्रश्न जंगलातल्या गावात आणखी बिकट होतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाच्या गरजांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. ग्रामसभेची शिफारस लागते आणि तोडायच्या झाडांवरही मर्यादा आहे. त्यात तेरा सोयींची यादी दिली आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भावाचे दुकान, तलाव, रस्ते, समाजमंदिर वगैरे. ही यादी चांगलीच आहे. पण तीत गोदामाचे नाव नाही. बाहेरून गावात येणारे धान्य ठेवून वाटायला कायद्याने जागा दिली, गावातून बाहेर जाणारे धान, मोह आणि तेंदू ठेवायला मात्र दिली नाही. वनातला माणूस घेणारा आहे, देणारा किंवा विकणारा नाही, अशी एक समजूत या यादीच्या मागे दडून बसली आहे की काय, असे मला वाटते. लेखा-मेंढ्यासारख्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून स्वतः बांबू विकून दाखवला, त्यानंतर तरी ही समजूत बदलायला हवी होती.

बियाण्याचीही गोष्ट यातच येते. आपल्याच जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निराळ्या दिसलेल्या ओंब्या वेचल्या, त्यांचे बी वेगळे जपून ठेवले, पुढच्या हंगामात वेगळे पेरले आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ जन्माला आला. २०१८ साली ते गेले. त्यांच्या थोरवीविषयी पुष्कळ बोलले जाते. मला त्यातली एकच बाब येथे सांगायची आहे. निवडलेले मूठभर बी वर्षभर सुरक्षित राहिले नसते तर पुढचे काहीच घडले नसते. साठवणीची जागा म्हणजे उद्याची जागा.

मग करावे काय? मी नगररचनाकार नाही. पण विद्यार्थ्याने नुसता प्रश्न मांडून मोकळे होऊ नये, असे आमचे प्राध्यापक सांगतात, म्हणून चार गोष्टी सुचवते.

पहिली. गोदाम हा एकच वर्ग धरू नये. कुणाचा माल आणि कोणता माल, हे पाहून नियम असावेत. शेतकऱ्यांच्या, बचत गटांच्या आणि ग्रामसभांच्या साठवणीला एक न्याय, आणि केवळ भाड्यासाठी किंवा जमिनीचा भाव चढेपर्यंत बांधून ठेवलेल्या बंद शटरांना दुसरा न्याय. ज्वालाग्राही आणि विषारी मालाला तिसरा न्याय, आणि तो सर्वांत कडक.

दुसरी. दाट वस्तीत आणि अरुंद रस्त्यांवर नव्या गोदामांना परवानगी नसावी, पण त्याच नकाशात बाजार समितीजवळ, मुख्य रस्त्यालगत आणि रेल्वेच्या सोयीच्या अंतरावर सार्वजनिक साठवणीसाठी जागा आरक्षित असावी. ‘येथे नको’ या प्रत्येक ओळीसमोर ‘येथे हवे’ ही ओळ लिहिलेली असली पाहिजे. दुसरी ओळ लिहायची नसेल तर पहिली लिहिण्याचा अधिकार नाही.

तिसरी. औद्योगिक वसाहतीतील जमीन कारखान्याच्या नावाने घेऊन तेथे नुसती गोदामे उभी राहू नयेत. न्यूयॉर्कच्या नियमातील तत्त्व आपण घ्यावे. साठवणीबरोबर काम असले पाहिजे. धानाची वाळवण, प्रतवारी, भरडाई, कोंड्यापासून तेल, बांबूच्या वस्तू, मोहाची प्रक्रिया यांपैकी काहीतरी त्याच छताखाली चालावे. आमच्या वर्गातील किती मुले पदवीनंतर नागपूरची गाडी धरतात! त्यांना कुलपाची राखण करण्याची नोकरी नको आहे, हाताला काम हवे आहे.

चौथी. मोठ्या गोदामाच्या मोहात लहान गोदाम विसरू नये. सहकारी क्षेत्रात धान्यसाठवणीची देशव्यापी योजना केंद्राने मे २०२३ मध्ये मंजूर केली आणि गावच्या प्राथमिक सहकारी संस्थेच्या पातळीवर गोदाम उभारण्याचा विचार तीत आहे. अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाईला त्याचा पथदर्शक प्रकल्प झाला. मग आपल्या धानाच्या पट्ट्यात असे गोदाम गावोगाव का नसावे? त्यासाठी वनजमिनीला हात लावण्याचे कारण नाही. गावठाणात बंद पडलेल्या इमारती आहेत, पडीक सरकारी आवार आहेत. जागा शोधणाऱ्याला सापडते.

यावर माझे मित्र पुन्हा म्हणतील, “हे सारे कागदावर छान आहे, पण ऐकणार कोण?” त्यांना माझे उत्तर असे की कायद्याने ऐकण्याची एक वेळ ठरवून दिली आहे. विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. अशा वेळी कोण जातो? ज्यांची जमीन आरक्षणात येते ते जातात आणि ज्यांना आरक्षण उठवायचे असते ते जातात. महाविद्यालय कधी जात नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी शहरातील रस्त्यांची रुंदी मोजावी आणि गोदामे नकाशावर दाखवावीत, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाच गावांत जाऊन कुणी कोणत्या महिन्यात, कोणत्या भावाने धान विकले हे विचारावे, मराठीच्या विद्यार्थ्यांनी ते साध्या भाषेत लिहून काढावे. असा एक अहवाल घेऊन पन्नास विद्यार्थी आणि चार प्राध्यापक नगर परिषदेत गेले, तर ‘ऐकणार कोण’ हा प्रश्न विचारण्याची पाळी निदान आपल्यावर येणार नाही.

आपल्या गावाचा नकाशा अजून पुरता भरलेला नाही. भिवंडीला जी संधी उरली नाही ती मूलला आहे. उद्याच्या नकाशावर बांधी बांधी राहावी, जंगल जंगल राहावे, बोळ माणसांना चालण्यासाठी मोकळे असावेत आणि एका ठिकाणी, ठळक अक्षरांत, धान ठेवण्याची जागा दाखवलेली असावी. त्या जागेची किल्ली कुणाच्या हाती असेल ते नकाशा निघण्याआधी ठरते. म्हणून बोलायचे ते आता.